खांडेनवमीचा कंप्यूटर

तरवड पिवळा झाला की आमच्याकडे लोकांना सण आठवतात. मला कंप्यूटर आठवतो. तलमडुगूच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस फुटायला लागतो, ज्वारीची कणसं माना काढतात, शेजारच्या तेलुगू घरांतल्या बायका सकाळी टोपल्या घेऊन तरवडाची फुलं आणि कुरडूचे तुरे तोडायला निघतात, कारण बतुकम्मा, म्हणजे देवीची फुलांची उतरंड, रचायची असते. आमच्या घरात घट बसतात. हवा कोरडी होते, उन्हाला सोनेरी रंग चढतो. सगळं जग कसं निवांत होत जातं, आणि मी मात्र झालेली कामं पुन्हा पुन्हा तपासत बसते. गेली काही वर्षं हे असंच चाललंय.

मी एका मंडळ कचेरीत नोकरी करते. महाराष्ट्रात जिला तहसील म्हणतात, तसलीच ही कचेरी, फक्त लहान. आमचं घराणं वऱ्हाडातून इकडे येऊन चार पिढ्या झाल्या. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत ज्याला जे समजेल ते, असं आमचं चालतं. वडील याच महसूल खात्यात गिरदावर होते, म्हणजे गावोगाव फिरून जमिनी आणि पिकं तपासणारे. त्यांच्या तोंडी फाइल हा शब्द कधी आला नाही. ते 'मिसल' म्हणत. मिसल बांधायची, मिसल सोडायची, साहेबांपुढे मिसल ठेवायची. मी नोकरीला लागले तेव्हा मिसलीची फाइल झालेली होती, आणि पन्नाशीला टेकले तेव्हा फाइलही गेली.

स्वभावानं मी काळजीखोर आहे. घरून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघते. आमचे हे म्हणतात, "तुला काळजीचा पगार मिळाला असता तर दोन मजले चढले असते." त्यांचं काय जातं? ते शाळामास्तर होते, खडू हातातून सुटला तर खाली पडायचा, फार तर तुटायचा. माझ्या हातातून जे सुटलं, ते कुठे पडलं हे मला अजून नीट कळलेलं नाही.

पाच-सहा वर्षं झाली. पावसाळा लागता लागता वरून हुकूम आला की आता कागद बंद. अर्ज, टिपणी, सही, शेरा, सगळं ऑनलाइन. कोणाचाही कागद कचेरीत ठेवून घ्यायचा नाही. बघायचा, फोटो काढायचा आणि परत द्यायचा. दोन दिवसांचं शिक्षण झालं. एका हॉलमध्ये आम्ही साठजणं, पुढे पडद्यावर वेगानं फिरणारा बाण. मी वहीत लिहून घेत होते, तर शिकवणारा पोरगेला साहेब हसून म्हणाला, "मॅडम, लिखना नै, अब सब इसी में है." मी वही मिटल्यासारखं केलं, मांडीवर घेतली आणि तिथेच लिहीत राहिले.

हुकूम आला तेव्हा इंटरनेट मात्र यायचं होतं. म्हणजे तार आली होती. तिच्यातून नेट येण्याची वाट पाहायची होती. मोठ्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं आणि दर आठवड्याला कुठेतरी खोदताना मशीनचा दात तारेला लागायचा. मग दोन दिवस, कधी चार दिवस सगळं ठप्प. मोबाइलचं नेट धरावं तर कचेरीच्या भिंती निजामाच्या काळातल्या, दीड हात जाडीच्या. आवारात कडुनिंबाच्या पूर्वेला एक जागा होती, तिथे मोबाइलला रेंजच्या दोन दांड्या यायच्या. साहेबांच्या मोबाइलवर ओटीपी येई तो त्या जागेवरच. आमचे अटेंडर, म्हणजे शिपाई, रहीमभाई, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, साहेबांचा मोबाइल हातावर दिव्यासारखा धरून तिथे उभे राहत. आकडे आले की मोठ्यानं घोकत आत पळत येत. "चार, सात, सात, शून्य..." दारात कोणी सलाम घातला की सलामाचं उत्तर द्यावंच लागे, आणि शेवटचे दोन आकडे उंबऱ्याबाहेर राहत. मग पुन्हा नवा ओटीपी. आम्ही हसायचो. माझं लक्ष मात्र दाराबाहेर असायचं, कारण व्हरांड्यात बाकावर लोक बसलेले असत आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हा सगळा पोरखेळ व्हायचा.

व्हरांड्यातली ती माणसं मला फार दिसतात. अंगठ्याएवढ्या घडीत दुमडलेले कागद. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी. आम्ही आतून "नेट नाही" म्हणालो की ती माणसं उठायची. आकाशातून पाऊस पडत नाही तेव्हा जसं कोणाशी भांडता येत नाही, तसं. कोणी चिडायचं नाही, कोणी कारण विचारायचं नाही. आम्हाला त्याची हळूहळू सवय लागली. एखाद दिवशी नेट असायचं आणि आम्हीच थकलेलो असायचो, तरी तोंडातून तेच दोन शब्द निघायचे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण निघायचे.

आमची ऑपरेटर लावण्या, तिशीतली तेलुगू मुलगी, बोटं अशी चालायची की बघत राहावं. तिनंच मला शिकवलं की नेट नसलं तरी फॉर्म भरता येतो. तो त्या कंप्यूटरच्या पोटात राहतो. अर्जदाराच्या नावापुढे एक बारीकसा ढग दिसतो आणि ढगावर आडवी रेघ असते. नेट आलं की फॉर्म आपोआप वर चढतो आणि रेघ जाते. "कंप्यूटर बंद केला तर?" मी विचारलं. "रहता मॅडम, कुछ नै होता." माझा विश्वास बसेना. मी दोनदा बंद करून, परत चालू करून पाहिलं. ढग जागच्या जागी होते. मग कुठे मला झोप लागली.

आणखी एक गोष्ट शिकवली तिनं. कंप्यूटर मंद झाला की कुठे जायचं, काय दाबायचं, म्हणजे आतला साठलेला कचरा जातो. 'सगळं साफ करा' असं तिथे येतं. ते मी एकदाच शिकले आणि अचूक लक्षात ठेवलं. एवढी एक गोष्ट मला कोणाला न विचारता येत होती, त्याचा थोडा तोराही होता.

त्या नवरात्रात शोभाबाई आणि तिची मुलगी आरती आल्या. हद्दीजवळच्या एका गावच्या, कापूस-ज्वारीवाल्या. गाव असं, की मोबाइल एका ओट्यावर तेलंगणात असतो आणि दुसऱ्या ओट्यावर महाराष्ट्रात. आरतीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती, आदिलाबादलाच, रोज घरून बसनं जाता येईल अशी. फक्त रहिवासाचा दाखला जोडायचा राहिला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती.

"होते न जी तवर?" शोभाबाईनं विचारलं.

"होतं. फॉर्म भरून ठेवते. नेट आलं की आपोआप चढतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सही करतील, दुपारी दाखला हातात."

मी फॉर्म भरला. कागदांचे फोटो काढले. कागद परत देऊ लागले तर बाई हात मागे घेईना. "राहू द्या न तुमच्यापाशी. आमच्या घरी उंदरं हायेत."

"ठेवून घ्यायची मनाई आहे बाई आता."

"मग हे त्यात राह्यलं का?" तिनं कंप्यूटरकडे बोट केलं.

"राहिलं," मी म्हटलं. "निघा तुम्ही. झालं समजा."

आरती दारातून मागे वळून हसली. तिचा पुढचा एक दात थोडा तिरपा होता. ते हसू मी काही केल्या विसरू शकत नाही, आणि ते 'झालं समजा' तर मुळीच नाही.

खांडेनवमी म्हणजे आमच्या घरात वडिलांचा दिवस. मोजणीची साखळी ते रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, एकेक कडी फडक्यानं कोरडी करायचे. दौत उपडी करून वाळवायचे. पिशवीतला शेवटचा कागद बाहेर काढून पिशवी झटकायचे. त्यांचा नियम होता की पूजेला हत्यार मांडायचं ते रिकामं मांडायचं. त्याच्या अंगावर कोणाचं काम बाकी असता कामा नये. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला ओझं नको. मी लहानपणी विचारलं होतं, मोजणी अर्धवट राहिली असेल तर? ते म्हणाले, "ते काम माझ्या डोक्यात राहील. साखळीत कायले ठिवू?"

आमच्या कचेरीत ही पूजा सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दुपारी होते. जीप धुतली जाते, चाकांखाली लिंबं ठेवतात, दारात कोहळा फोडतात. त्या वर्षी लावण्या दोन दिवस आधीच बतुकम्मेसाठी माहेरी गेली होती. नेट चार दिवसांपासून मेलेलं. मी पदर खोचून माझं टेबल आवरायला घेतलं. पडदा पुसला. कीबोर्ड उलटा करून आपटला, तर त्यातून तीळ, बिस्किटाचा चुरा, एक टाचणी आणि कोणाच्या तरी बांगडीची काच पडली. हळद-कुंकू लावलं. झेंडू वाहायला हात पुढे केला आणि वडील आठवले. वाटलं, बाहेरून पुसलं, आतून कोण पुसणार?

मला येत होतं ना ते. कोणाला विचारायची गरज नव्हती. मी गेले तिथे, दाबलं. त्यानं विचारलं, 'सगळं साफ करू?' मी हळदीच्या बोटानं होय म्हटलं. मग कंप्यूटर बंद केला, नमस्कार केला आणि खरंच सांगते, मन भरून आलं. बाबा असते तर खूश झाले असते, असंही वाटलं. एवढ्या भक्तिभावानं केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

दसरा फार छान गेला. आपट्याची पानं दिली-घेतली, श्रीखंड-पुरी झाली. काळजीखोर बाईला एकही काळजी सुचली नाही, असा तो एकच दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली तर नेट आलेलं होतं. लावण्या हसत आली, तिनं कंप्यूटर लावला, पासवर्ड टाकला आणि यादी उघडली. यादी पांढरी होती. "मॅडम," ती म्हणाली, "इसमें तो कुछ नै है. चढ गए क्या?" वर चढलेल्यांत पाहिलं. तिथेही नव्हते. नेट नसताना भरून ठेवलेले सतराच्या सतरा फॉर्म नव्हते. एंटरच्या बटणावर माझ्या बोटाची हळद तशीच लागलेली होती. लावण्यानं तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "साफ किए क्या?" मी खुर्चीत बसले ती बसलेच. मुदतीचा दिवस आणि सकाळचे साडेदहा.

सोळा अर्ज आठवड्यानं केले तरी चालणार होते. आरतीचा नव्हता चालणार. फोन नंबर फॉर्मातच होता, म्हणजे गेलेलाच. साहेब एका मीटिंगसाठी बेज्जूरकडे गेले होते. लावण्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मॅडम, सर कु बोलेंगे, नेट में गया." रहीमभाई चहा ठेवता ठेवता आपणहून म्हणाले, "नेट का क्या भरोसा बिटिया, खा गया होगा." मी तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांनी मला माफ करून टाकलं होतं. खोटं बोलायला थोडी तरी मेहनत लागावी, तीही मला पडली नाही.

लावण्याच्या स्कूटीवर मागे बसून मी त्या गावाला गेले. काळ्या मातीचा रस्ता, पावसात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. दोन्ही बाजूंना कापूस असा फुटलेला की डोळे दिपावेत. वाटेत मोबाइलनं टुंग करून सांगितलं की आपण दुसऱ्या राज्यात आला आहात, पुढच्या वळणावर सांगितलं की परत आलात. घराला कडी होती. शेजारणीनं वावर दाखवलं. मायलेकी पहिला वेचा वेचत होत्या, पोटाशी ओट्या बांधलेल्या, त्या कापसानं फुगलेल्या. मला बांधावर चप्पल सावरत येताना पाहून शोभाबाई उभी राहिली.

"काऊन जी मॅडम? काय झालं?"

मी सगळा रस्ता वाक्य जुळवत आले होते. खरं वाक्य. पण तोंडातून निघालं, "तुमचा फॉर्म नेटानं गेला बाई. परत भरावा लागेल. आत्ताच चला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग ओटी सोडून तिथेच सरीत ठेवली आणि आरतीला म्हणाली, "कागद काढ." आम्ही तिला तिसरी म्हणून स्कूटीवर घेतलं. आई मागून ऑटोनं आली.

पावणेदोनला फॉर्म चढला. ढगावरची रेघ गेली. मी हात जोडले. आता फक्त साहेबांची सही. सहीसाठी त्यांच्याजवळची चावी लागत होती, ती लॅपटॉपला लावून मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा, बस्स. साहेबांना फोन लावला. तो कव्हरेजच्या बाहेर होता. बेज्जूरच्या बाजूला जंगलातला रस्ता लागतो, तिथे तासभर काहीच लागत नाही. आम्ही लावत राहिलो. अडीच. सव्वातीन. लावण्या एका फोनवर, मी दुसऱ्या, रहीमभाई कडुनिंबाखाली तिसरा घेऊन. बाकावर मायलेकी बसलेल्या. शोभाबाईच्या लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले होते, ती एकेक काढून मुठीत गोळा करत होती. आरती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघते आहे हे दिसलं की नजर खाली वळवायची. मी त्यांना चहा पाजला. दोनदा पाजला. दुसरं काय होतं माझ्या हातात?

चारला एकदा फोन लागला. "हॅलो," साहेब म्हणाले, मी "सर, अर्जंट" म्हणाले आणि कट झाला. त्या एका हॅलोवर आम्ही आणखी तासभर काढला. पाचला पाच मिनिटं कमी असताना आरतीनं ओढणीनं चेहरा पुसला. पाच वाजले.

सही पाच वीसला आली. वाटेत एका गावात साहेबांना रेंज मिळाली, तिथेच जीप थांबवून त्यांनी केली. त्यांचा तरी काय दोष? प्रिंटरमधून दाखला निघाला, गरम, सरळ, सुरेख. शोभाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला, कागद कुठे दुमडणार नाही असा पिशवीत सरकवला आणि म्हणाली, "येतो जी." कॉलेजची साइट बंद झालेली होती. त्या वर्षीची जागा गेली.

पुढे बरेच दिवस मी माझ्यापुरता हिशोब मांडत राहिले. सही अडली ती तर नेटामुळेच ना? मग नेटाचाही वाटा होताच. सतराजणांपैकी सोळाजणांचं काही बिघडलं नाही. मी स्वतः धावत गेले, उन्हातून. असे सगळे मुद्दे एका बाजूला मांडले तरी दुसऱ्या बाजूला वावरात वर आलेला तो एक चेहरा असायचा. मला कळायचं की मी खोटं बोलले, आणि ते अशा माणसाशी बोलले, ज्याच्याजवळ ते तपासायचं काहीच साधन नव्हतं. पूर्वी मिसल हरवली तर कारकुनाचं नाव निघायचं. रजिस्टर असायचं, त्यात अक्षर कोणाचं ते दिसायचं. आता अक्षरच उरलं नाही. कोणाच्याही हातून काहीही जावं आणि त्यावर आम्ही 'नेट' एवढंच लिहून मोकळं व्हावं. आमच्यासारख्यांची केवढी सोय झाली, याचा विचार केला की भीती वाटते.

आरतीचं ते वर्ष घरी गेलं, हे मला उडत उडत कळत होतं. त्या हंगामात ती सगळे वेचे आईबरोबर वेचत होती. पुढच्या वर्षी तिला जागा मिळाली, पण लांब, बेल्लमपल्लीला. तिथे खोली घेऊन राहावं लागलं. तिकडची एखादी बस कचेरीसमोरून गेली की मी मान खाली घालून काहीतरी शोधायला लागायची.

आता तार जमिनीत खोल गेली आहे. नेट बहुतेक असतं. नवीन मुलं मोबाइलवरच अर्ज मंजूर करतात. कडुनिंबाखालच्या जागेवर गाड्या लागतात. मी मात्र अजून प्रत्येक फॉर्म तीनदा बघते, टेबलाच्या खणात चोरून एक वही ठेवते आणि तिच्यात नाव, गाव, फोन नंबर लिहून घेते. साहेबांना माहीत आहे, ते न बघितल्यासारखं करतात. आणि खांडेनवमीला माझ्या कंप्यूटरला मी फक्त बाहेरून हळद-कुंकू लावते. आतलं काम आतच असू देते. वडील काय म्हणाले असते, ते मी स्वतःला विचारत नाही.

या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी कचेरीत तपासणी ठेवली होती, पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्यांची. व्हरांड्यात एक टेबल, दोन खुर्च्या, बीपीचं यंत्र. उपकेंद्राची नर्स आली होती. रांगेत माझा नंबर आला, मी बसले, आणि तिनं वर पाहून हसल्यावर तिरपा दात दिसला.

"ओळखलं का मॅडम?"

ओळखलं होतं. मी दंड पुढे केला. तिनं माझं नाव आधी वहीत लिहिलं, मग टॅब जवळ ओढला.

"थेट टॅबमध्येच भरायचं असतं ना तुम्हाला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"भरीन न. पण आधी वहीत. सवय हाय."

इतक्या वर्षांत इतक्या वेळा जुळवलेलं वाक्य होतं ते. त्या दिवशी ते मला न विचारताच बाहेर पडलं. "आरती, तुझा फॉर्म नेटानं नव्हता गेला. मीच पुसला होता. माझ्या हातानं."

ती दंडाला पट्टा बांधत होती. हात थांबला नाही तिचा. "माहीत हाय न जी," ती म्हणाली.

"कसं काय?" मी विचारलं.

"आईनं त्याच दिवशी सांगतलं, घरी जाता जाता. म्हणे, नेट गेलं तर हापिसातला माणूस हापिसातच बसते आन् आपल्याले उद्या ये म्हणते. नेट गेलं मनून आजवर कोणी आपल्या वावरात आलं का? या बाईच्या हातून काईतरी झालं हाय, मनून धावत आली."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"म्हणे, आली न ते. राहू दे आता."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "आणि तू? तुला राग नाही आला?"

"आला न," आरती म्हणाली. "वर्षभर आला. कापूस वेचता वेचता आला." मग तिनं पंप हातात घेतला. "आता बोलू नका मॅडम, आकडा चुकते."

पट्टा आवळत गेला. दंडात ठोके वाजायला लागले, ते मला कानात ऐकू येत होते. तिनं आकडा पाहिला, वहीत लिहिला, टॅबमध्ये मात्र भरला नाही.

"वाढून राह्यलं तुमचं," ती म्हणाली. "इथंच बसा पाच मिनटं. पुन्हा पाहू."

माझ्या मागे सात-आठजण उभे होते. तिनं त्यांना हातानं थांबायला सांगितलं. मी तिच्या शेजारी बसून राहिले.